अंतकाळीचे स्मरण आणि वार्धक्यातील विस्मरण

आयुष्यभर ज्या मुखाने परमेश्वराचे नाम घेतले, त्याच मुखाला वार्धक्यात ते नाम आठवेनासे झाले, तर त्या जीवाची गती काय? हा प्रश्न सभामंडपात सहसा विचारला जात नाही. परंतु वृद्ध महंतांची, तपस्विनींची किंवा घरातील थकलेल्या आईवडिलांची सेवा करणाऱ्या अनेकांच्या मनात तो रात्री उशिरा, सेवेची कामे आटोपल्यावर, डोके वर काढतो. विचारणाऱ्याला लाज वाटते आणि उत्तर देणाऱ्याला संकोच होतो. म्हणून तो बहुधा मनातल्या मनातच राहतो. मनात दाबून ठेवलेली शंका श्रद्धेला आतून पोखरते. यास्तव तिचा शास्त्राच्या उजेडात उघडपणे विचार होणे इष्ट आहे.

प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येण्यासाठी कोणत्याही आश्रमात घडू शकणारा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एक वृद्ध तपस्विनी आहे. तिने ऐन तारुण्यात संन्यास घेतला. पुढे पन्नास-साठ वर्षे भिक्षा, अटन, स्थानवंदन, पारायण असा तिचा क्रम चालला. शेकडो लीळा तिला मुखोद्गत. पोथीत एखादा शब्द मागेपुढे झाला तर डोळे मिटून बसलेली असतानाही ती तो दुरुस्त करीत असे. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर तिला थोडे थोडे विस्मरण होऊ लागले. आधी ठेवलेली वस्तू सापडेना. मग जेवण झाले की नाही, हे आठवेना. नंतर एखादी लीळा सांगता सांगता ती मध्येच थांबे व ओशाळून हसे. पुढे, लहानपणापासून जिला तिने सांभाळले, शिकविले, त्या शिष्येचे नाव गेले. आणि एके दिवशी पहाटे शिष्येने नेहमीप्रमाणे हातात स्मरणी दिली, तेव्हा तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हे काय आहे, बाई?"

त्या क्षणी शिष्येवर जे दुःख कोसळते, ते एकेरी नसते. गुरू देहाने समोर असून दुरावल्याचे दुःख हे पहिले. जिने साठ वर्षे स्मरण केले, तिचे स्मरण नेमके शेवटच्या टप्प्यावर सुटले, आता अंतकाळी काय होणार, ही भीती दुसरी. आणि देह नाशवंत आहे, जीव नित्य आहे हे शिकूनही डोळ्यांत पाणी येते, म्हणजे आपले ज्ञान कच्चेच, ही टोचणी तिसरी. ही तिन्ही दुःखे एकमेकांत गुंतलेली असतात; तथापि त्यांची उत्तरे निरनिराळी आहेत.

शोक आणि ज्ञान

आधी तिसऱ्या दुःखाचा विचार करणे सोयीचे आहे, कारण ते दूर झाल्याशिवाय पहिल्या दोहोंकडे स्वच्छ दृष्टीने पाहता येत नाही. ज्ञान झालेल्याने रडू नये, असा एक समज साधकवर्गात रूढ आहे. त्याच्या समर्थनार्थ गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आधार दिला जातो. ज्याप्रमाणे या देहात बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य येते, त्याचप्रमाणे पुढे दुसऱ्या देहाची प्राप्ती होते. धीर पुरुष तेथे मोह पावत नाही, असे भगवान श्रीकृष्णचक्रवर्ती अर्जुनाला सांगतात. हे सत्यच आहे. पण येथे निषेध मोहाचा आहे. अर्जुनाचा शोक असा होता की त्यामुळे त्याच्या हातून कर्तव्य गळून पडले आणि कर्तव्य सोडण्यालाच तो धर्म समजू लागला. अश्रू हा त्याचा दोष नव्हता. अश्रूंनी त्याचा विवेक झाकला, हा दोष होता.

याच्या शेजारी उद्धवाचे उदाहरण ठेवावे. भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्णचक्रवर्तींनी उद्धवाला विस्ताराने ज्ञान निरोपिले. याच स्कंधावर भास्करभट्ट बोरीकरांनी पुढे उद्धवगीता रचली. सर्व निरूपण झाले, उद्धवाची शंका उरली नाही आणि बदरिकाश्रमी जाण्याची आज्ञा झाली. तेव्हा उद्धव काय करतो? तो कोरड्या डोळ्यांनी उठून चालू लागत नाही. वियोग त्याला सोसवत नाही. स्वामींच्या पादुका मस्तकी धरून, पुन्हा पुन्हा नमस्कार करीत, तो मोठ्या कष्टाने निघतो. ज्ञान पूर्ण झाल्यानंतरचा हा शोक आहे. त्याला अज्ञान म्हणावयाचे, तर उद्धवाला मिळालेले ज्ञानच अपुरे होते असे म्हणावे लागेल. आणि तसे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

पंथाच्या इतिहासातही हेच दिसते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास उत्तरापंथे बीजे केले. त्यानंतर भक्तजनांवर जी अवस्था ओढवली ती आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य भटोबासांनाही चुकली नाही. स्वामींच्या मुखातून साक्षात ब्रह्मविद्या ऐकलेले भटोबास विरहाने व्याकुळ झाले. पण ते शोकात अडकून राहिले नाहीत. स्वामींच्या आज्ञेला अनुसरून ते ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले आणि मार्गाचा भार त्यांनी वाहिला. शोक होता, आणि शोकासह आज्ञापालनही होते.

यावरून एक कसोटी हाती लागते. जो शोक साधकाला सेवेपासून व स्मरणापासून दूर नेतो, तो मोह. जो शोक सेवेत आणि स्मरणात उतरतो, तो प्रेमाचाच एक प्रकार होय. शिष्या बाजूला जाऊन रडली आणि डोळे पुसून गुरूला न्हाऊ घालण्यास परत आली, तर तिच्या ज्ञानाला काही उणेपणा आला नाही.

एका शब्दाने केलेला घोटाळा

आता दुसऱ्या दुःखाकडे, म्हणजे गतीविषयीच्या भीतीकडे वळावे. ही भीती पुष्कळ अंशी एका शब्दामुळे वाढली आहे. या व्याधीला आज मराठीत ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. गीता वाचणाऱ्याला हा शब्द ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच त्याच्या काळजाचा ठोका चुकतो. कारण दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश व बुद्धिनाशातून सर्वनाश सांगितला आहे. व्याधीचे नाव आणि नाशाच्या पायरीचे नाव एकच! मग वृद्ध गुरूचा नाश ठरलेलाच, असा तर्क भोळ्या मनात आपोआप तयार होतो.

परंतु तेथील पायऱ्या क्रमाने पाहिल्या पाहिजेत. विषयांचे चिंतन ही पहिली पायरी. त्यापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून संमोह, आणि संमोहापासून स्मृतीचा भ्रंश. म्हणजे जो विसर तेथे सांगितला आहे, तो विषयाच्या मागे लागलेल्या मनाला पडणारा स्वहिताचा विसर आहे. त्याच्या आरंभी जीवाची स्वतःची प्रवृत्ती आहे. रागाच्या भरात धडधाकट, तीव्र बुद्धीच्या तरुणालाही तो होतो; शंभर फोन नंबर पाठ असणाऱ्यालाही होतो. वृद्धेच्या विसराच्या आरंभी विषयचिंतन नाही, काम नाही, क्रोध नाही. तेथे मेंदूच्या पेशींचा ऱ्हास आहे. दोन्हींना नाव एक असले तरी कारण निराळे, स्वरूप निराळे, म्हणून फळही निराळे. एका नावाची दोन माणसे असली म्हणून एकाचा दंड दुसऱ्याकडून वसूल करीत नाहीत.

वैद्यकशास्त्राने या व्याधीविषयी जे सांगितले आहे, त्याने या विचाराला दुजोराच मिळतो. अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत आढळलेले बदल विद्वानांपुढे मांडले. पुढे त्याच्याच नावाने हा रोग ओळखला जाऊ लागला आणि म्हातारपणी स्मृती जाण्याचे ते सर्वांत मोठे कारण असल्याचे दिसून आले. मेंदूला होणारा रक्तपुरवठा खंडित झाल्यानेही स्मृती ढासळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना ही अवस्था आहे. त्यांत सज्जन आहेत, दुर्जन आहेत. विद्वान आहेत, निरक्षर आहेत. मोतीबिंदू जसा भक्त-अभक्त पाहून डोळ्यांत उतरत नाही, तशीच ही व्याधीही नाही.

कोणी म्हणेल, कर्मावाचून व्याधी नाही. तेव्हा हे कोणत्या तरी पापाचेच फळ असणार. जीवाला कर्मफळे भोगावी लागतात, हे शास्त्र खरे. परंतु कोणत्या जीवाच्या कोणत्या कर्माचे कोणते फळ चालले आहे, हे जाणण्याचा अधिकार जीवाला नाही. सर्वज्ञ एकच आहे. दुसऱ्याच्या आजाराकडे बोट दाखवून त्याच्या पापाचा हिशेब मांडणारा सर्वज्ञाच्या जागी बसू पाहतो. तेव्हा त्याने रुग्णापेक्षा स्वतःच्याच स्थितीची चिंता करावी.

स्मृती ही कोणाची?

मुख्य आक्षेप अजून शिल्लक आहे. गीतेच्या आठव्या अध्यायात, जो अंतकाळी परमेश्वराचे स्मरण करीत देह ठेवतो तो त्यालाच पावतो. आणि ज्या भावाचे स्मरण करीत देह सुटतो त्या भावाला जीव जातो, असे स्पष्ट सांगितले आहे. मग ज्याला स्मरणच उरले नाही, त्याने काय करावे?

या ठिकाणी बहुतेक वाचक दोन श्लोकांवरच थांबतात. त्यांच्या लगेच पुढे भगवंतांनी जो निष्कर्ष काढला आहे, त्याकडे दुर्लक्ष होते. "म्हणून अंतकाळी सावध राहा" असा तो निष्कर्ष नाही. "म्हणून सर्व काळी स्मरण ठेव आणि आपले कर्तव्य कर" असा तो आहे. अंतकाळाचे महत्त्व सांगून भगवंतांनी साधकाचे लक्ष अंतकाळाकडून काढून आजच्या दिवसाकडे वळविले आहे. अंतकाळ ही आयुष्याच्या शेवटी अकस्मात घेतली जाणारी परीक्षा असती, तर झोपेत, अपघातात, तापाच्या भ्रमात देह सुटलेल्या सर्वच भक्तांना अपात्र म्हणावे लागले असते. मनाचा जो कल आयुष्यभर तयार झाला, तोच अखेरीस प्रकट होतो, हे तेथील तात्पर्य आहे.

तरीही शंकाकार म्हणेल की कल असला तरी तो प्रकट व्हावयास साधन पाहिजे. आणि साधनच मोडले आहे. हे म्हणणे नाकारता येत नाही. पंथाच्या सिद्धांताप्रमाणे जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. देह, इंद्रिये, मेंदू ही सारी प्रपंचाच्या बाजूची. जीव त्यांच्या साहाय्याने स्मरण करतो. लेखणी मोडली म्हणजे लेखकाला लिहिता येत नाही, हे खरे. तेव्हा व्याधिग्रस्त वृद्धेच्या ठायी आतून अखंड नामस्मरण चालूच आहे, अशी गोड समजूत घालणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नवे लिहिणे थांबले आहे. परंतु लेखणी मोडल्याने आजवर लिहिलेले पुसले जाते काय? पेरणारा हात थकला म्हणून जमिनीत पडलेले बी नाहीसे होत नाही. जे अनुसरण घडले, ते घडून गेले. त्यातून जीवाच्या ठायी आलेली योग्यता परमेश्वर जाणतो, मग ती जीवाला स्वतःला आठवो अथवा न आठवो.

याचे प्रमाण प्रत्येक साधकाच्या रोजच्या अनुभवात आहे. गाढ झोपेत कोणालाही नामाचे भान नसते. म्हणून रोज रात्री आपले अनुसरण मोडले आणि पहाटे नवी दीक्षा घ्यावी लागेल, असे कोणी मानीत नाही. झोपेत भान सुटते, संबंध सुटत नाही. अनुसरण मोडते ते जाणूनबुजून पाठ फिरविल्याने. श्रद्धा टाकल्याने, निषिद्धाचा स्वीकार केल्याने. व्याधीने आलेला विसर हा पाठ फिरविणे नव्हे. ती लांबलेली झोप आहे, एवढेच.

शास्त्रात याला आणखी भक्कम आधार आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात स्मृती, ज्ञान आणि त्यांचे दूर होणे ही आपल्यापासूनच होतात, असे भगवंत म्हणतात. आणि अठराव्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन आपला मोह गेल्याचे सांगताना, स्मृती मिळाली ती तुझ्या प्रसादाने, असे कबूल करतो. ‘मी आठवले’ असे तो म्हणत नाही. याचा अर्थ असा की स्मरण ही जीवाने स्वतःच्या बळावर साठविलेली मिळकत नाही. ते देणे आहे. देणारा देण्याएवढ्यापुरताच जीवाचा नसतो. बाजारात चालताना मुलाला झोप लागली आणि आईचे बोट त्याच्या मुठीतून निसटले, म्हणजे आईने मूल सोडले असे होत नाही. तोवर तिने त्याला कडेवर घेतलेले असते.

सहाव्या अध्यायात अर्जुनाने जवळजवळ हाच प्रश्न विचारला आहे. श्रद्धा असून ज्याचा योग अर्ध्यावर सुटला, तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाश पावतो काय? भगवंतांनी त्याला धीर दिला आहे की कल्याणाच्या वाटेने जाणारा कोणीही दुर्गतीला जात नाही. त्याचा मागील अभ्यासच त्याला पुढे ओढून नेतो. भागवतातील भरताची कथा तर सर्वश्रुत आहे. हरिणीच्या पाडसावर जीव जडल्याने अंतकाळी त्याला पाडसच आठवले व त्याला मृगाचा जन्म आला. तरी पूर्वीच्या भक्तीमुळे त्या देहातही त्याची मागील जाणीव नष्ट झाली नाही आणि पुढच्या जन्मी तो तरून गेला. या कथेचा पहिला भाग सावध करण्यासाठी सांगतात, ते योग्यच आहे. पण दुसरा भागही तितक्याच मोठ्याने सांगितला पाहिजे. आसक्तीने चुकलेल्या भरताचीही साधना वाया गेली नाही. मग केवळ व्याधीने गांजलेल्या, कोणत्याही पाडसात जीव न अडकविलेल्या वृद्धेची साधना वाया जाईल, असे मानण्यास आधार कोणता?

मात्र या विवेचनातून आळशाने आपल्या सोयीचा अर्थ काढू नये. परमेश्वर जाणतो, तर स्मरणाची यातायात कशाला, असे म्हणणाऱ्याने बी न पेरताच पिकाची आशा धरली आहे. उलट, स्मृती हे देणे आहे आणि ते केव्हा परत जाईल याचा नेम नाही, म्हणूनच आज, बुद्धी शाबूत असता, नामाचा अभ्यास केला पाहिजे. वृद्धेची अवस्था पाहून तरुणाने तिच्या गतीची चर्चा करण्याऐवजी आपल्या वेळेचा हिशेब पाहावा.

मार्गाने धरलेले स्मरण

आता पहिले दुःख उरले. गुरू समोर आहे, पण ओळखत नाही. या दुःखाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. त्याचे उत्तर कृतीत आहे, आणि पंथाने ते सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

स्वामींच्या वियोगानंतर ऋद्धिपुरी भटोबास लीळांच्या चिंतनात मग्न असत. सराळ्याचे विद्वान म्हाइंभट यांना हे स्मरण पुढील जीवांसाठी लिहून ठेवावे असे वाटले. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध झाले, ते एका माणसाच्या आठवणीतून नव्हे. भटोबासांना जे ठाऊक होते ते त्यांनी सांगितले. आणि ज्या प्रसंगी ते संनिध नव्हते, तो प्रसंग ज्यांनी पाहिला होता त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी विचारून घेतला. कोणा एकालाही सर्व लीळा ठाऊक नव्हत्या. सर्वांचे मिळून स्मरण पूर्ण झाले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा ज्यांना पाठ होते त्यांच्या मुखातून ती पुन्हा उभी करण्यात आली. म्हणजे पंथाचा हा ग्रंथ एकदा विरहाच्या दुःखातून जन्मला आणि एकदा विस्मरणाच्या तोंडातून परत आणला गेला. जे एकाकडून हरवले ते दुसऱ्याने धरून ठेवले. स्मरण हे आरंभापासून एकट्या जीवाचे नाही, ते मार्गाचे आहे.

याच मार्गात वृद्धांचे स्थान काय, हे सांगणारी एक आठवण स्मृतिस्थळात आहे. केशोबास हे संस्कृतचे मोठे पंडित. ग्रंथरचना संस्कृतात करण्याचा विचार निघाला, तेव्हा भटोबासांनी तो मान्य केला नाही. कारण तसे झाले तर मार्गातील म्हाताऱ्या या ज्ञानाला मुकतील. पंथाचे वाङ्मय मराठीत राहिले, त्यामागे हा कळवळा आहे. ज्या म्हाताऱ्यांसाठी आचार्यांनी पंडितांची भाषा बाजूला ठेवली, त्याच म्हाताऱ्यांना आज त्यांची स्मृती गेली म्हणून कोपऱ्यातल्या खोलीत एकटे ठेवणे, हे भटोबासांच्या शब्दाला बट्टा लावणारे आहे.

एकाने केलेल्या स्मरणाचे फळ दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही, हे पंथाला मान्य आहे. म्हणूनच पंथात श्राद्ध-पिंडदानाला स्थान नाही. तेव्हा शिष्येने गुरूजवळ बसून नाम घ्यावे ते गुरूला पुण्य पोचविण्यासाठी नव्हे. जे नाम गुरूने एकेकाळी तिच्या कानी घातले, ते तिने आता गुरूच्या कानी पडेल असे ठेवावे, इतकाच त्याचा अर्थ. सेवा करणाऱ्यांचा अनुभव असा की नुकतेच घडलेले आधी पुसले जाते, आणि बालपणी किंवा तारुण्यात ज्यांची हजारो वेळा आवृत्ती झाली ते पुष्कळ काळ टिकते. शिष्येचे नाव न आठवणारी वृद्धा, ओळखीच्या चालीवर नाम सुरू झाले की ओठ हलवू लागते. हातात विशेष दिला तर तो कशाचा हे तिला सांगता येत नाही, पण हात आपोआप वर जातो आणि मस्तक खाली येते. शेवटच्या दिवसांत बोलणे थांबल्यावरही ऐकणे काही काळ टिकत असावे, असे वैद्य मानतात. म्हणून त्या खोलीत वाद, रडारड आणि तिच्याविषयीची चर्चा नसावी, नाम असावे.

सेवेचे काही साधे नियमही येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. विसर पडू लागला म्हणजे ‘वयच झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. आधी वैद्याला दाखवावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा मनाची खिन्नता यांमुळे आलेला विसर उपचारांनी पुष्कळदा सुधारतो. "मी कोण, सांगा पाहू?" अशी वृद्धांची परीक्षा कधीही घेऊ नये; उत्तर न आल्याने दोघांनाही दुःख होते. जवळ जाऊन आपणच आपले नाव सांगावे आणि दंडवत घालावा. मेलेल्या आईविषयी त्या विचारू लागल्या, तर दर वेळी "ती गेली" असे सांगून दर वेळी नवा शोक देऊ नये; त्यांच्या आईची गोष्ट त्यांनाच सांगावयास लावावी. एकच पोथी, एकच जागा, एकच वेळ ठेवावी. न्हाणीघर कोरडे असावे, रात्री दिवा असावा. गिळता येत नसेल तर घास बळेच घालू नये. आणि सेवेचा सगळा भार एकाच शिष्येवर किंवा घरातल्या एकाच सुनेवर टाकू नये. थकलेल्या माणसाचा राग व्याधिग्रस्तावर निघतो आणि मागाहून पश्चात्ताप जन्मभर पुरतो. वासनिकांनी आश्रमाला धान्य द्यावे तशी आठवड्यातली एक रात्रही द्यावी.

ज्या वृद्धाला आपले नियम पाळता येईनासे झाले, त्याच्याविषयी ‘आचार सुटला’ असे उद्गार काढू नयेत. ज्याला दिवस आणि रात्र कळत नाही, त्याला विधी आणि निषेध तरी कोठून कळणार? त्याचा आचार त्या काळापुरता सेवकांच्या हाती आलेला असतो. त्याची शुचिता, त्याचे आच्छादन, त्याच्या पात्रात काय पडावे व काय पडू नये, हे सेवकांनी त्याने स्वतः जसे सांभाळले असते तसे सांभाळावे. हीदेखील त्याच्या वतीने ठेवलेली आठवणच आहे.

अखेर एक दिवस तो देह शांत होतो. भूमिडाग दिला जातो. पुढे दहावे-तेरावे नाही, पिंड नाही. दुःखाला गुंतवून ठेवणारे कर्मकांड पंथाने ठेवलेले नाही. त्यामुळे पहिले काही दिवस शिष्येला हात रिकामे झाल्यासारखे वाटतात. पण उद्धवाच्या मस्तकी पादुका होत्या, भटोबासांपाशी लीळा होत्या. रिकाम्या हातांनी कोणीच परत आले नाही. त्या शिष्येपाशीही गुरूने पाठ करून घेतलेली पोथी असते. पहाटे तिने ती उघडावी. जेथे गुरूचा आवाज अडखळून थांबला होता, त्याच ओळीपासून तिने वाचू लागावे, आणि शेजारी एखाद्या लहान मुलीला बसवून तो शब्द तिच्याकडून म्हणवून घ्यावा. स्मरण असेच एका मुखातून दुसऱ्या मुखात येत राहिले आहे. आणि ज्याचे ते स्मरण, त्याला यातला एकही जीव विसरलेला नाही.